बांधलेल्या शेळीचे मीठ

गेल्या हिवाळ्यात खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आम्ही दोन दिवस मुक्कामास होतो. संध्याकाळची उपासना आटोपल्यावर मंडळीतील दोन जावा आमच्यापुढे येऊन बसल्या आणि त्यांनी आपसातील एक तंटा मांडला. थोरल्या जावेच्या तीन शेळ्या धाकटी अर्धेलीने सांभाळते. धाकटी विधवा आहे. शेळ्या थोरलीच्या, राखण व वैरण धाकटीची, आणि होणाऱ्या करडांत दोघींचा निम्मा निम्मा वाटा, असा हा व्यवहार. आपल्या सातारा-सांगलीकडील वाचकांस तो अधिक समजावून सांगावयास नको. त्या तिहींपैकी एक शेळी जुळी व्याली. एक करडू त्याच रात्री गेले. दुसऱ्यास आपल्या पायांवर उभे राहावयास तीन दिवस लागले. शेळीचे केस विटले होते आणि कित्येक आठवड्यांपासून ती गोठ्याची भिंत चाटीत होती. गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी तिला पाहून सांगितले की, हिला क्षार कमी पडले आहेत व गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात पोटाला नीट मिळालेले नाही. दुसरे काही कारण असल्यास रक्त तपासल्यावाचून सांगता येणार नाही. येथून दोघींचे भांडण सुरू झाले.

“दादा, शेळी आक्कांची हाय. तिचं मीठ, क्षार काय आणायचं ते त्यांनीच आणाय नको का?” धाकटी म्हणाली.

“वैरणपाणी तुझ्याकडं ठरलं होतं,” थोरलीने उत्तर दिले. “मीठ वैरणीतच आलं की!”

त्या रात्री आम्ही दोघींस जे सांगितले ते गुळमुळीत होते. दोघींनी ऐपतीप्रमाणे खर्च करावा, सलोख्याने राहावे, असे काहीसे आम्ही बोललो. त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. विट्याहून परत येताना एस. टी. च्या खिडकीपाशी बसून आम्ही ह्याच गोष्टीचा विचार करीत होतो. पसाभर मिठाचा हा तंटा. पण त्याच्या तळाशी एक प्रश्न आहे, आणि तो ज्याच्या ज्याच्या दारात खुंट्याला जनावर बांधलेले आहे त्या प्रत्येकास लागू आहे. बोलता न येणाऱ्या जिवाचे आपण किती देणे लागतो, आणि ते देणे कोठून उत्पन्न होते?

आधी त्या अर्धेलीच्या कराराकडेच पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो ठरविला तेव्हा मिठाचा उल्लेख त्यात का केला नाही? ते विसरले म्हणून नव्हे. त्या करारात एक तिसरा भागीदार होता, आणि त्याचे नाव कोणी कधी घेतले नाही. तो म्हणजे गावाबाहेरचा डोंगर. शेळी सकाळी सुटे ती दिवसभर माळावर, ओढ्याकाठी, बांधावर हिंडे. गाय जीभ फिरवून पुढे येईल ते गवत ओढते. शेळी तसे करीत नाही. तिचा वरचा ओठ पातळ व चपळ आहे; काट्यांतून एकच पान ती वेचून काढते, मागच्या पायांवर उभी राहून बोरीचा शेंडा खाते, बाभळीच्या शेंगा वेचते, पुढे जाऊन उंबराचा गळलेला पाला, मग थोडे गवत, मग पुन्हा झुडूप. एका दिवसात अनेक प्रकारच्या वनस्पती तिच्या पोटात जात. झाडांची मुळे खोल जातात, आणि गवताच्या मुळांस न लाभणारे क्षार ती पाल्यात आणून ठेवतात. कोठे खारी माती दिसली तर शेळी तीही चाटी. अशा रीतीने तिला चुना, जस्त, तांबे हे सर्व मिळे. तिच्या धन्यास त्यांची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शेळी आपली वैद्य आपण होती, आणि डोंगर तिला औषधे फुकट देत होता.

आता तो डोंगर भागीदारीतून निघून गेला आहे. त्या खेड्यात तो का गेला हे आम्ही विचारून घेतले, आणि मिळालेली उत्तरे ऐकून आम्हांस काहीसे आश्चर्य वाटले. पहिले कारण पाणी. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी कऱ्हाडजवळून उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी ह्या दुष्काळी तालुक्यांत आणले. जेथे ज्वारी-बाजरी काढल्यावर चार महिने रान मोकळे पडे, तेथे आता बारमाही ऊस उभा असतो. शेळीला रान मोकळे राहिले नाही. दुसरे कारण असे की, गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली आणि चराईबंदी केली. तिसरे कारण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटले. धाकट्या जावेचा मुलगा, जो पूर्वी शेळ्यांमागे जात असे, तो आता शाळेत जातो. पाणी आले, झाडे आली, मुलगा शाळेत गेला. तिन्ही गोष्टी चांगल्या. त्यांतील एकही परत घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ह्या तिन्ही चांगल्या गोष्टींची किंमत शेळीने खुंट्यास बांधून घेऊन भरली, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

आमच्या मते देणे येथून सुरू होते. मोकळ्या जिवाला आपण काही दिले तर ती दया. बांधलेल्या जिवाला दिले तर तो दयेचा नव्हे, फेडीचा भाग आहे. कारण दावे बांधताना आपण त्याची निवड काढून घेतली. शेळी जे स्वतः शोधून खात होती ते आता तिच्यासाठी आपण शोधले पाहिजे. तिचा ओठ, तिचे नाक, तिची भटकंती ह्यांची जागा आपल्या बुद्धीने भरली पाहिजे. आणि बुद्धी भरीत नसेल तर दावे सोडले पाहिजे. मधला मार्ग आम्हांस तरी दिसत नाही. आपण “खाल्ल्या मिठाला जागणे” असे म्हणतो ते चाकराविषयी म्हणतो, धन्याने दिलेल्या मिठाविषयी म्हणतो. शेळीचे दूध आपल्या मुलांनी प्यायले. मग ह्या घरात मिठाला जागावयाचे कोणी?

कोणी म्हणेल, ही शेळी तर आपण उपाशी ठेवीतच नाही. तिच्यापुढे भारा पडलेला असतो. धाकट्या जावेनेही आम्हांस तेच दाखविले. भारा होता, आणि हिरवागार होता. परंतु तो सगळा उसाच्या वाढ्यांचा होता. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असला की कृष्णाकाठी व आता येरळेकाठीही वाढे स्वस्तात, कित्येकदा फुकट मिळतात. ते हिरवे दिसतात म्हणून पाळणाऱ्याची फसगत होते. वाढ्यांत ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो. तो शरीरातील चुना बांधून बाहेर नेतो. म्हणजे गाभण शेळी, जिच्या पोटात दोन करडांची हाडे तयार होत आहेत, तिला जो चारा आपण देतो तोच तिच्याजवळचा चुना काढून नेतो. जाणते लोक वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात, आणि वाढे निम्म्याहून कमी ठेवून त्यांत शेवरी, सुबाभूळ किंवा लसूणघास मिसळतात. सुबाभळीचेही मोजमाप आहे. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा ती अधिक होऊ देऊ नये, नाहीतर केस गळू लागतात.

वाळल्या वैरणीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण चार-सहा शेळ्यांच्या पाळणाऱ्याची वर्षाची सोय तिच्यावरच आहे. तीस किलो वजनाच्या शेळीस दिवसाला सुमारे एक किलो, दुभती असल्यास त्याहून काही अधिक, कोरडा अंश पोटात जावा लागतो. हिरवा चारा तीन-चार किलो दिला तरी त्यात बहुतेक पाणीच असते. म्हणून अर्धा ते एक किलो वाळली वैरण हवीच. आपल्याकडे वैरण म्हटले की ज्वारीचा कडबा. तो बैलांसाठी ठीक आहे, पण शेळी त्याची ताटे टाकून देते आणि पाने तेवढी वेचते. तिच्यासाठी खरी वैरण म्हणजे भुईमुगाचा वाळलेला पाला, तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट, लसूणघास किंवा शेवरी सावलीत वाळवून बांधलेल्या पेंढ्या. उन्हात फार वाळली की पाने चुरून मातीत जातात आणि हाती काड्या राहतात. पोषण सगळे पानांत असते. ओली राहिली तर गंजी आत तापते, बुरशी धरते, आणि बुरशीची वैरण गाभण जनावरास देणे म्हणजे संकट घरात बोलावणे होय.

डोंगरी गवताचे मात्र आपण फार नुकसान करून घेतो. मारवेल व पवना ही आपल्या माळावरील चांगली गवते. फुलोऱ्यात असताना ती कापली तर त्यांत सत्त्व असते. परंतु त्या वेळी पाऊस पुरता उघडलेला नसतो, घरोघर खरिपाची काढणी चाललेली असते, म्हणून दिवाळी होऊन गवत तांबडे पडेपर्यंत कोणी विळा लावीत नाही. तोवर बी झडलेले असते आणि उरते ते छपरावर घालण्याच्या योग्यतेचे. कुसळीचे तर विचारूच नये. ती कोवळी असताना कापावी. पुढे तिची कुसळे शेळीच्या ओठांत व हिरड्यांत रुततात. चार पेंढ्या वेळेवर कापलेल्या गवताच्या चाळीस पेंढ्या तांबड्या गवतास भारी आहेत. नीतिसूत्रांच्या 27 व्या अध्यायाच्या शेवटी गवत कापून गोळा करणे आणि शेळ्यांचे दूध घरच्या माणसांस पुरणे ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत. गवत आधी आहे, दूध मागून.

वैरण जमिनीवर टाकू नये. पायाखाली आलेला, लेंड्या-मुताने भिजलेला चारा शेळी तोंडात घेत नाही. लोक तिला चोखंदळ म्हणून नावे ठेवतात, पण जमिनीवरच्या चाऱ्यातून जंत पोटात जातात हे आपल्यास पुस्तकांनी शिकविले, तिला कोणी शिकविले नव्हते. गव्हाण उंच करावी, किंवा डहाळ्यांचा भारा दोरीने टांगावा.

आता त्या मिठाकडे येऊ. मोठ्या शेळीस क्षारमिश्रण दिवसाला दहा ग्रॅम, म्हणजे लहान दोन चमच्यांहून अधिक नाही. तीन शेळ्यांचे वर्षाचे मिश्रण अकरा किलोंच्या आत भरते. त्यांत साधे मीठ असतेच असे नाही; ते निराळे द्यावे, किंवा चाटण वीट दावणीजवळ शेळीच्या तोंडाच्या उंचीवर, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी टांगावी. भिंत चाटणे, चिंध्या चघळणे, एकमेकींचे मूत चाटणे ही खोड नव्हे, मागणी आहे. ज्यांच्याकडे शेळ्यांबरोबर मेंढ्याही आहेत त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, शेळीसाठी केलेल्या मिश्रणातील तांबे मेंढीस विषासमान होऊ शकते. दोघींस एकच वीट चाटू देऊ नये.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आमच्यासमोर त्याच गावातील एका वृद्ध गृहस्थांनी काढला. ते म्हणाले, “अहो, शेवटी बोकड खाटकाकडंच जायचं. त्याच्यापुढं चाटण टांगून धर्म कसला करताय?” आक्षेप प्रामाणिक आहे. आपण उत्तर देताना भाबडेपणा करू नये. होय, बोकड विकला जातो. आटपाडीच्या किंवा लोणंदच्या बाजारात तो उभा राहतो तो पुढे कोठे जाणार हे विकणाऱ्यास ठाऊक असते. पण “शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड” ही म्हण आपल्या पूर्वजांनी केली ती जनावराच्या बाजूने केली आहे. जीव घेतला जाणारच आहे, म्हणून त्या जिवाच्या दिवसांस किंमत नाही, हा न्याय कोठला? आयुष्य थोडे आहे म्हणून देणे बुडत नाही. उलट फेडीची मुदत तेवढीच आखूड होते. बोकडास तर जे काही मिळावयाचे ते ह्या दहा-बारा महिन्यांतच मिळावयाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. घरात मुलास दूध पुरत नाही, तेथे शेळीच्या क्षारासाठी पैसा काढावा काय? ज्याने गरिबी पाहिली नाही त्याने ह्याला झटपट उत्तर देऊ नये. आम्ही इतकेच म्हणू की, मूल आणि शेळी ह्यांतून एकच वाचविता येत असेल तर मूल वाचवावे, आणि ह्यात पाप नाही. परंतु आमच्या पाहण्यात अशी वेळ क्वचितच येते. बहुधा निवड मूल व शेळी ह्यांत नसून शेळी व आपला आळस, किंवा शेळी व जावेशी चाललेला हट्ट ह्यांत असते. त्या दोघींचे जे करडू गेले त्याच्या मोलात तिन्ही शेळ्यांचे वर्षाचे क्षार आले असते आणि वर काही उरले असते. 2012-13 च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत ह्या भागांत गुरांच्या छावण्या पडल्या. म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशननेही मोठी छावणी चालविली. पण छावणी म्हटली की ती मुख्यतः गाई, म्हशी व बैल ह्यांची. शेळी कशीही जगते अशी आपली समजूत. ती जगते हे खरे. आणि तिच्या ह्या जगण्याच्या शक्तीवरच आपण आपली उधारी वाढवीत आलो आहोत.

देणे फेडावे म्हणजे वाटेल ते पुढे ओतावे, असे मात्र नव्हे. ह्या बाबतीत आम्ही स्वतः अपराधी आहोत, आणि लाज वाटत असली तरी लिहितो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या घरी लग्न झाले. दुसऱ्या दिवशी उरलेला भात व पोळ्या आम्ही मोठ्या प्रेमाने आमच्या शेळीपुढे ठेवल्या. तीही मोठ्या प्रेमाने खात राहिली. सायंकाळी तिचे पोट तुंबले, ती दात खाऊ लागली, आणि सकाळी मेलेली आढळली. शिजलेल्या धान्याचे पोटात आम्ल झाले होते. बोकड पुष्ट व्हावा म्हणून जे लोक गव्हाचा कोंडा व धान्य बेसुमार चारतात त्यांचेही असेच होते. कोंड्यात फॉस्फरस फार, चुना थोडा. दोहोंचे प्रमाण बिघडले की बोकडास मूतखडा होतो, मूत्र अडते आणि तो तडफडून मरतो. चुना फॉस्फरसाच्या दुप्पट असावा असे जाणकार सांगतात. अज्ञानी प्रेम आणि निष्काळजीपणा ह्यांची फळे दावणीत सारखीच दिसतात. शेळीला त्यांतला भेद कळण्याचे साधन नाही.

फलटणचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. बनबिहारी निंबकर ह्यांनी तेथे 1968 साली जी कृषी संशोधन संस्था काढली, तिने पुढे आपल्या दख्खनी मेंढीत बंगालमधील सुंदरबनाकडच्या गारोळ मेंढीचा जुळे देण्याचा गुण आणला. त्या मेंढीस ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. आमच्या साताऱ्याच्या धनगर बांधवांच्या कळपांत तिचा प्रसार झाला. गुण रक्तात आला की तो आपोआप चालतो, पण दोन कोकरांचे दूध आपोआप होत नाही. शेवटच्या दीड महिन्यात व व्याल्यानंतर आईला वरचे खाणे द्यावे लागते. गाभणपणाचे महिने पाच, आणि पोटातील पिलाची बरीचशी वाढ ह्या शेवटच्या दीड महिन्यातच होते. आपली उस्मानाबादी शेळी तर स्वभावतःच पुष्कळदा जुळी देते, आणि त्याच कारणासाठी आपण ती बाजारातून निवडून आणतो. आपण जितके अधिक मागू तितके आपले देणे वाढते, हे लग्नाच्या देण्याघेण्यात आपल्यास न सांगता समजते.

आणखी एक गोष्ट राहिली; ती बोलण्यास थोडी अवघड आहे. डोंगर बंद झाला तेव्हा चरांत मुरलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरले? ज्यांना जमीन आहे त्यांच्या. आणि चराईबंदीने शेळ्या कोणाच्या अडल्या? ज्यांना जमीन नाही त्यांच्या; म्हणजे बहुतेक आपल्याच मंडळ्यांतील लोकांच्या. तेव्हा डोंगराने सोडलेला वाटा केवळ दोन जावांवर टाकून गाव मोकळे होऊ शकत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावी चराई बंद झाली, पण विळ्याने गवत कापून नेण्याची वाट खुली राहिली. आपल्या गावांतही बंद डोंगरावरील गवतावर पहिला विळा भूमिहीन शेळीवाल्यांचा असावा, आणि तो दिवाळीनंतर नव्हे, फुलोऱ्यात लागावा, ही मागणी ग्रामसभेत मांडावयास उपदेशक बंधूंनी संकोच करू नये. ही भीक नाही. गावाचे हित व्हावे म्हणून ज्यांनी शेळी बांधली त्यांचे ते येणे आहे.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो. धाकट्या जावेच्या गोठ्यात बाभळीच्या डहाळ्या टांगलेल्या होत्या आणि वाढ्यांचा भारा निम्मा झाला होता. जगलेले करडू उड्या मारीत होते. आमची मूळची गुळमुळीत सल्ला-मसलत मागे घेऊन आम्ही दोघींस सांगितले की, करारात मीठ लिहिलेले नव्हते, कारण ते डोंगर देत होता; आता तो देत नाही, तेव्हा करडांत जसा निम्मा वाटा तसा क्षारातही निम्मा, आणि ग्रामसभा होईपर्यंत दोघींनीही थांबू नये. थोरली काही वेळ गप्प राहिली. मग घरात जाऊन तिने कागदात गुंडाळलेली चाटण वीट आणली. ती तिने आठवड्यापूर्वीच विट्याच्या बाजारातून घेतली होती. पण भांडण मिटल्यावाचून जावेच्या दारी ती कशी न्यावी म्हणून फळीवर ठेवून दिली होती.

“आठ दिवस फळीवर?” धाकटी म्हणाली.

थोरलीने उत्तर दिले नाही. मुलाने शाळेतून आल्यावर वीट टांगली. मेलेल्या करडाचा निम्मा कोणी सोसावयाचा, हा हिशेब मात्र अजून तसाच आहे.